तिसरी खुर्ची

धाकट्यापासून सुरुवात करायची हा नियम अण्णांनीच घालून दिलेला असल्यामुळे आता त्यांना दुसऱ्या कुणावर चिडायची सोय उरली नव्हती. घरात लग्न निघालं की आदल्या दिवशी दुकानाचं शटर अर्धं ओढायचं, सगळ्या घरानं भिंतीच्या बाकावर ओळीनं बसायचं, आणि अण्णांनी सर्वांत लहान पोरापासून सर्वांत म्हाताऱ्या माणसापर्यंत एकेकाचे केस स्वतःच्या हातानं नीट करायचे. लहानांना दम निघत नाही, एवढंच त्यामागचं शास्त्र. पण चाळीस वर्षं केलेल्या गोष्टीला घराण्याची रीत म्हणतात, आणि रीत म्हटल्यावर शास्त्र कुणी विचारत नाही.

आज सर्वांत लहान होती भिंगरी. अण्णांच्या मधल्या लेकीची मुलगी, वय वर्षं आठ. या दुकानात ती पहिल्यांदाच आली होती आणि अर्ध्या तासात तिनं पावडरचा डबा, पाण्याच्या फवाऱ्याच्या बाटल्या आणि आरशांमागची कोळ्याची जाळी, असा सगळा माल तपासून घेतला होता. तिचे केस दाट, काळेभोर आणि बारीक बारीक स्प्रिंगांसारखे. "आधी केस आत आले, मग पोरगी आली," असं अण्णांची थोरली बहीण, आत्या, म्हणाली. ते कौतुकानं म्हणाली की कसं, हे आत्याच्या बाबतीत साठ वर्षांत कुणाला ठरवता आलेलं नव्हतं.

अण्णा वस्तऱ्याला धार लावत उभे होते. पट्ट्यावर वस्तरा वर जात होता, खाली येत होता. एक वस्तरा, वीस मिनिटं. आज मुळात वस्तऱ्याचं काम कुणाचंच नव्हतं.

बाकाच्या टोकाला अण्णांचा मोठा मुलगा, थोरला, त्या वस्तऱ्याकडे पाहत बसला होता. दुकान आता तोच चालवत होता. अण्णा यायचे ते जुन्या गिऱ्हाइकांसाठी आणि सूचनांसाठी. दर्शनी काचेवर 'सर्वांचं स्वागत आहे' हे थोरल्यानंच रंगवून घेतलं होतं, आणि येता-जाता ते वाचून त्याला स्वतःबद्दल बरं वाटायचं.

महिन्याभरापूर्वी तो मधलीच्या घरी गेला होता. नऊ वर्षांनी. तिच्या स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून, पाण्याचा पेला दोन्ही हातांत धरून म्हणाला होता, "धाकटीचं लग्न आहे गं. तुम्ही तिघंही या. आता तसं काही राहिलेलं नाही. काळ बदलला. मी जबाबदार."

मधलीनं एवढंच विचारलं होतं, "तिसरी खुर्ची दुरुस्त झाली?"

"अगं, ते जुनं झालं," तो म्हणाला होता, आणि परतताना वाटेत त्याला वाटत राहिलं होतं की आपण उत्तर दिलं.

दुकानात खुर्च्या तीन. पहिल्या दोन चालू. तिसरीच्या पाठीला दोऱ्यानं एक पुठ्ठा टांगलेला: 'खुर्ची दुरुस्तीत आहे.' त्या खुर्चीला जन्मात काही झालेलं नव्हतं. पुलापलीकडच्या वस्तीत काळ्या वर्णाची माणसं राहत; त्यांच्या पणज्यांना कधीतरी बंदर बांधायला जहाजात भरून आणलं होतं, आणि बंदर बांधून झाल्यावर परत न्यायचं कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं. त्यांच्यातलं कुणी रस्ता ओलांडून दुकानाकडे येताना दिसलं की अण्णा नुसतं खाकरायचे. मग शाळेच्या गणवेशातल्या थोरल्यानं धावत जाऊन पुठ्ठा टांगायचा. अण्णा अत्यंत नम्रपणे म्हणायचे, "या दोन खुर्च्यांचे नंबर लागलेत हो, आणि ही बिघडलीय. काय करणार." कुणाचा अपमान नाही, आवाज नाही. माणूस मान हलवून निघून जायचा. आमच्या दुकानात कुणाला कधी नाही म्हटलेलं नाही, असं अण्णा अजून छातीठोकपणे सांगत, आणि ते खरं होतं.

गेल्या पंधरा वर्षांत पुलापलीकडचं गिऱ्हाईक आलंच नव्हतं. थोरला याला प्रगती समजायचा. त्यांनी तिकडे स्वतःचं दुकान काढलंय हेही त्याला माहीत होतं, पण या दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून बघायची वेळ त्याच्यावर आली नव्हती. पुठ्ठा मात्र कायमचा टांगलेला राहिला, आणि खुर्ची जुनी वर्तमानपत्रं नि टॉवेल ठेवायच्या कामी आली.

नऊ वर्षांपूर्वी मधली नवऱ्याला घेऊन प्रथम आली होती. पुलापलीकडचा मुलगा, इस्पितळात एक्स-रे काढायच्या नोकरीला. अण्णांनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि नम्रपणे म्हणाले, "या दोन खुर्च्यांचे नंबर लागलेत हो." पुढचं वाक्य मधलीनं ऐकून घेतलं नाही. ते वाक्य ऐकतच ती लहानाची मोठी झाली होती.

"अण्णा," थोरला घसा साफ करून म्हणाला, "करायची ना सुरुवात?"

अण्णांनी वस्तरा मिटला. "मी म्हणतो, या खेपेला वरून सुरू करू. मोठ्यांपासून."

"म्हणजे माझ्यापासून," आत्या म्हणाली. "तुझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी आहे मी. पण माझ्या डोक्यावर आहेत ते सत्तावीस केस. ते तू दोन मिनिटांत उरकशील. मग पुढं काय करशील?"

"आजोबा, रीत मोडायची?" थोरल्याची लेक म्हणाली. ती कॉलेजात होती. समानतेवरच्या भित्तिचित्रांच्या स्पर्धेत तिला दुसरं बक्षीस मिळालं होतं, आणि पहिलं का नाही मिळालं याचा राग अजून गेलेला नव्हता. "भिंगरीला करू दे ना आधी. आमच्या पिढीत असलं काही नाहीये."

"असलं म्हणजे कसलं?" अण्णांनी विचारलं.

लेक आईकडे पाहू लागली. आई टॉवेलांच्या घड्या घालू लागली. घड्या आधीच घातलेल्या होत्या.

जावई बाकाच्या दुसऱ्या टोकाला, मांडीवर एक कापडी पिशवी घेऊन बसला होता. मधली त्याच्या शेजारी. थोरल्याला वाटलं, काहीतरी हलकंफुलकं बोलावं. "काय जावईबापू, तुमच्या एक्स-रेमध्ये बरं असतं. हाडं सगळ्यांची सारखीच पांढरी."

जावई हसला. हा विनोद महिन्यातून चार वेळा ऐकणारा माणूस हसतो, तेवढंच. "हो," तो म्हणाला. "पण एक्स-रे काढायला आधी माणूस आत यायला लागतो."

तेवढ्यात मागं धप्पकन आवाज झाला. भिंगरीनं तिसऱ्या खुर्चीवरची वर्तमानपत्रं उचलून जमिनीवर ठेवली होती. टॉवेल नीट शेजारच्या टेबलावर मांडले होते. आणि आता ती खुर्चीत बसून बाजूचा दांडा वरखाली करत होती. खुर्ची वर जाऊ लागली. सावकाश, न कुरकुरता, तेल घातल्यासारखी.

"मामा," ती आरशातून म्हणाली, "ही चालते."

दांड्याचा आवाज तेवढा येत राहिला. मग थोरल्याची बायको पुढं झाली. "अहो, अठरा वर्षं मी तुमच्या कानीकपाळी ओरडतेय, कारागीर बोलवा, खुर्ची नीट करून घ्या. आणि तुम्ही म्हणता, सामान मिळत नाही तिचं."

"मिळत नाहीच," आत्या म्हणाली.

लेकीनं खुर्चीमागचा पुठ्ठा हातात घेऊन उलटासुलटा केला. "बाबा, हे अक्षर तुमचं आहे?"

होतं. घरातल्या सगळ्या पाट्या थोरल्याच्या अक्षरात असत. तिसरीत असताना सुंदर हस्ताक्षराचं बक्षीस मिळालं होतं त्याला. 'दुरुस्तीत' मधला पहिला उकार किती सुरेख वळवलाय, असं तेव्हा अण्णा गिऱ्हाइकांना दाखवायचे. आता लेक पुठ्ठ्याकडे पाहत होती, मग बाकावरच्या जावयाकडे, मग पुन्हा पुठ्ठ्याकडे. ती मूर्ख नव्हती. काय कळायचं ते तिला कळत चाललं होतं, आणि थोरल्याला मुलीच्या चेहऱ्यावर ते कळताना बघावं लागत होतं.

"लहान होतो मी," तो म्हणाला.

"पुठ्ठा अजून आहे, बाबा."

तो अण्णांकडे वळला. "अण्णा, बसलीय ती. करा."

अण्णांनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं. मग खुंटीवरचं पांढरं कापड काढलं, हवेत फटकन झटकलं आणि भिंगरीच्या गळ्याभोवती बांधलं. गाठ मारताना त्यांनी दोन बोटं मध्ये ठेवली, गळ्याला काचू नये म्हणून. ती सवय त्यांच्या हातांत होती. हातांना कुणाचा गळा आहे ते विचारायची पद्धत नव्हती. भिंगरी खुशीत आली. आरशातून आजोबांकडे पाहून तिनं जीभ दाखवली. आणि अण्णा, थोरल्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, हसले.

झालं, सुटलं, थोरल्याला वाटलं. मी म्हणालो होतो ना.

अण्णांनी कंगवा घेतला. त्यांचा तो बारीक दातांचा, शिंगाचा कंगवा. तो त्यांनी भिंगरीच्या कपाळापासून मागं ओढला. दोन बोटं गेला आणि थांबला. त्यांनी काढून बाजूनं घातला. तिथंही थांबला.

"कोरड्या केसांत नसतो घालायचा, आजोबा," भिंगरी म्हणाली. "दुखतं."

अण्णांनी कंगवा काढला. दुसऱ्या हातानं त्यांनी तिच्या केसांना हात लावला, नुसता वरून, गिऱ्हाइकाच्या डोक्याला लावतात तसा. केस कुठून सुरू होतात, कसे पडतात, कुठं कापले की कुठं बसतात, हे त्या हाताला साठ वर्षं डोळे मिटूनही कळत आलं होतं. गावात कुणाच्या डोक्यात कुठं भोवरा आहे हे त्यांना पाठ होतं. कात्री त्यांनी एकदा उचलली आणि परत ठेवली. थोरला वाट पाहत होता. त्याला हळूहळू जे दिसू लागलं ते इतकं साधं होतं की आजवर का दिसलं नाही याचंच नवल. जे डोकं कधी खुर्चीत बसूच दिलं नाही, ते शिकणार कुठून?

"मला," अण्णा म्हणाले, "येत नाही."

वर्षानुवर्षं खोटं सांगितलेलं कारण शेवटी खरं झालं होतं. खुर्ची चालत होती. बिघाड होता तो खुर्चीच्या मागं उभा होता. आणि त्याच्या शेजारी, हात लोंबकळत, त्याच्याकडूनच सगळी विद्या शिकलेला थोरला.

"दादा, तू कर मग," मधली म्हणाली. आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं.

"मलाही," थोरला म्हणाला.

धाकटी इतका वेळ नखं बघत बसली होती. उद्या लग्न तिचं होतं. आज आपल्याबद्दल कुणी काही बोलत नाही हे तिला नवीन होतं. ती उठली. "एवढं काय त्यात. माझ्याकडे केस सरळ करायचं मशीन आहे. तासाभरात मऊ होतील तिचे केस, छान दिसतील. नाहीतर मागं बांधून वरून रुमाल. ताई, माझं काही नाही गं, तुला माहितीये. पण सासरकडची माणसं जरा जुन्या वळणाची आहेत."

"सासरकडची," मधली म्हणाली.

"हो ना. आपल्याकडं कुठं काय आहे?"

"तुझ्या सासरकडं आत्ताच्या घडीला कोण बरं म्हणत असेल," आत्या छताकडे बघत म्हणाली, "की आमचं काही नाही, पण मुलीकडची माणसं जुन्या वळणाची आहेत?"

मधली बहिणीकडे बघत होती. "फोटोत आम्ही कुठं उभं राहायचं, तेही ठरलंय का?"

धाकटीनं थोरल्याच्या बायकोकडे पाहिलं. थोरल्याच्या बायकोनं थोरल्याकडे. फोटोत कुणी कुठं उभं राहायचं याची यादी झालेली होती. मधली आणि तिची माणसं मागच्या रांगेत, डाव्या टोकाला, मोठ्या फुलदाणीच्या बाजूला. यादी धाकटीनं सांगितली आणि थोरल्यानं लिहून काढली होती, अक्षर चांगलं म्हणून. लिहिताना फुलदाणीपाशी त्याचं पेन क्षणभर थांबलं होतं. मग त्यानं ओळ पूर्ण केली होती.

"दादा?"

"नुसती यादी आहे गं ती," थोरला म्हणाला. "बदलता येईल."

मधलीनं नवऱ्याकडे बघून मान हलवली. जावई उठला. अण्णांच्या शेजारी जाऊन म्हणाला, "जरा सरकता का?" अण्णा सरकले. जावयानं कापडी पिशवी आरशासमोर उघडली. पाण्याची फवाऱ्याची बाटली निघाली. रुंद दातांचा लाकडी कंगवा निघाला. तेलाची बाटली, चार चिमटे, दोन मऊ कापडं. सगळं घरून आणलेलं. सकाळी घरातून निघतानाच.

थोरला त्या पिशवीकडे पाहत राहिला. स्टुलावर बसून त्यानं दिलेला शब्द मधलीनं ऐकून घेतला होता, पण पिशवीही भरून ठेवली होती.

जावयानं केस भिजवले, बोटांनी चार भाग केले, टोकाकडून मुळाकडे कंगवा फिरवत आला. भिंगरीचे डोळे मिटू लागले. दुकानात बसलेली दहा-बारा माणसं, त्यांतली दोन धंद्यातली मुरलेली, एका एक्स-रेवाल्याचे हात बघत बसली. तो बारीक बारीक वेण्या घालत होता, डोक्याला धरून, एकसारख्या, पट्टीनं आखल्यासारख्या. पाऊण तास लागला. अण्णा पूर्ण वेळ उभे होते. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"कुठं शिकलात?" थोरल्यानं विचारलं.

"आईकडं. आमच्याकडं सगळ्या पोरांना यायचं." जावयानं चिमटा दातांतून काढला. "इकडच्या खुर्च्या नेहमी बिघडलेल्या असायच्या ना."

"मला शिकवाल?"

जावईबापूंनी मान वर करून आरशातून त्याच्याकडे पाहिलं. राग नव्हता त्या नजरेत. थकवा होता, तोही जुना. "शिकवीन कधीतरी. आज नको. आज हे तिचं डोकं आहे."

शेवटच्या वेणीला त्यानं पिवळी रिबीन बांधली. भिंगरी खुर्चीतून उतरली, आरशात डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं. मग अण्णांपाशी जाऊन म्हणाली, "आता तुमचा नंबर कधी?"

"माझा शेवटी," अण्णा म्हणाले. "म्हातारा आहे मी."

"आत्याआजी जास्त म्हातारी आहे."

"हो," अण्णा म्हणाले, आणि त्यांनी हात पुढं केला, पण तिच्या वेण्यांपर्यंत नेला नाही. खांद्यावर ठेवला आणि काढून घेतला.

मधलीनं पर्स उचलली. धाकटी रडवेली झाली. "ताई, असं काय करतेस? उद्या लग्न आहे माझं."

"सुखी राहा. मनापासून सांगते," मधली म्हणाली. "फुलदाणी जरा मध्ये घ्या, म्हणजे डावीकडं रिकामं दिसणार नाही."

शटर अर्धंच उघडं असल्यामुळे तिघांनाही वाकून बाहेर जावं लागलं. जावई आधी, मग भिंगरी, वेण्या हातांनी झाकून. मधली वाकली आणि वाकूनच थांबली.

"दादा, तू म्हणाला होतास, मी जबाबदार."

"हो."

"मग आहेस," ती म्हणाली आणि गेली.

मग आत्यानं बाकावर हात आपटला. "पुढचा नंबर." रीत पुढं चालू झाली. वयानं पुढची थोरल्याची लेक. ती उठली, दुसऱ्या खुर्चीपाशी गेली, तिथं थांबली, म्हणाली, "मला नाही करायचे," आणि तीही शटरखालून वाकून निघून गेली. पुलाच्या दिशेनं गेली की घराच्या, ते आतून दिसलं नाही. लेक आणि धाकटी यांच्या मधल्या वयाचं कुणी नव्हतं, त्यामुळे पुढचा नंबर एकदम धाकटीचा. धाकटीचे केस सरळ होते. अण्णांचा कंगवा त्यांतून लोण्यातून सुरी जावी तसा गेला. काम चोख झालं. धाकटी आरशात बघून रडायची थांबली.

दुपारपर्यंत सगळं उरकलं. माणसं जेवायला गेली. थोरला केर काढू लागला. तिसऱ्या खुर्चीखाली केस पडलेच नव्हते. एक पिवळ्या रिबिनीचा तुकडा तेवढा होता. तो त्यानं खिशात टाकला. मग दांडा दाबून खुर्ची खाली आणली. खुर्ची बिनतक्रार खाली आली.

"पुठ्ठा कुठंय?" अण्णांनी विचारलं. ते पहिल्या खुर्चीत बसले होते, डोळे मिटून, पाठ आरशाकडे करून.

"काढला होता पोरीनं. इथं टेबलावर आहे."

"लाव."

थोरला केरसुणी टेकवून उभा राहिला. "अण्णा, कशाला आता?"

"उद्या त्यांच्यातलं कुणी आलं, तर काय सांगशील?"

"येत नाही म्हणून सांगीन."

"अरे," अण्णा डोळे न उघडता, शांतपणे म्हणाले, धंद्यातली गोष्ट समजावून सांगतात तसे, "खुर्ची बिघडलीय म्हटलं तर खुर्चीचं नाव जातं. येत नाही म्हटलं तर दुकानाचं."

थोरल्यानं पुठ्ठा हातात घेतला. समोरच्या काचेवरची 'सर्वांचं स्वागत आहे' ही अक्षरं आतून उलटी दिसत होती. ती रंगवणाऱ्यानं केलेली, म्हणून जरा ओबडधोबड. हातातलं अक्षर सुरेख होतं. दोरा कुजलेला होता. त्यानं खिशातली पिवळी रिबीन चाचपली, मग हात बाहेर काढला, कपाटातून नवा दोरा घेतला आणि पुठ्ठा खुर्चीच्या पाठीला नीट, सरळ टांगला.

लग्न होईपर्यंतच, त्यानं स्वतःला सांगितलं. पाहुणे येतात-जातात, उगीच प्रश्न नकोत. लग्न झालं की काढून टाकू.

मग फोटोची यादी खिशातून काढून त्यानं डाव्या टोकाची तीन नावं खोडली, आणि सगळं पुन्हा एका कोऱ्या कागदावर सुवाच्य अक्षरात लिहायला बसला.